गळ्याशी पाणी आलं की : पहिल्यांदाच प्रार्थना करणाऱ्यांसाठी

प्रार्थना शिकायला सहसा कुणी निवांत वेळी बसत नाही. रिपोर्ट हातात पडतो, नोकरी जाते, मुलगा घर सोडून निघून जातो आणि मग रात्री दोन वाजता लक्षात येतं की आपल्याला देवाशी बोलायचंय, पण कसं बोलतात ते ठाऊक नाही. कुणी लहानपणी चर्चमध्ये जायचं आणि नंतर वीस वर्षं तिकडे फिरकलेलं नाही. कुणी ख्रिस्ती विश्वासात अगदी नवं आहे. कुणाला आपला विश्वास आहे की नाही हेच कळत नाहीये. तिघांनाही हा लेख चालेल. आत्ता या क्षणी फारच वाईट वेळ असेल तर पहिली पायरी तेवढी वाचा, बाकीचं उद्या वाचलंत तरी काही बिघडत नाही.

पहिली पायरी : एकच वाक्य म्हणा

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, चौदाव्या अध्यायात, येशूचा शिष्य पेत्र पाण्यावरून येशूकडे चालत निघतो. वारा बघतो, घाबरतो आणि बुडू लागतो. तेव्हा तो ओरडतो, "प्रभूजी, मला वाचवा!" बस, तीन शब्द. प्रस्तावना नाही, स्तुती नाही, "आमेन"ही नाही. येशू तत्क्षणी हात पुढे करून त्याला धरतो आणि "अल्पविश्वासी" हे बोल त्यानंतर लावतो. आधी हात, मग बोल. मला तो क्रम फार आवडतो.

बायबलमध्ये अडचणीत सापडलेल्या माणसांच्या तोंडी अशी बरीच छोटी वाक्यं आहेत. ती उसनी घ्यायला हरकत नाही. मंदिरात लांब उभा राहून छाती बडवणारा जकातदार म्हणतो, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." रस्त्याकडेला बसलेला आंधळा बार्तीमय ओरडतो, "दावीदपुत्र येशू, माझ्यावर दया करा." लोक त्याला गप्प करायला जातात तर तो आणखीच मोठ्याने ओरडतो. आजारी मुलाचा बाप म्हणतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." हे शेवटचं वाक्य तर संभ्रमात असलेल्यांसाठीच आहे असं वाटतं. त्या बापाने आधी विश्वास पक्का करून मग मागणं केलं नाही. अर्धामुर्धा होता तो तसाच पुढे केला, आणि मुलगा बरा झाला.

चौथं वाक्य राजा यहोशाफाटाचं. शत्रूचं सैन्य चालून येतंय आणि हा राजा सगळ्या प्रजेसमोर उभा राहून कबूल करतो की काय करावं ते आम्हाला सुचत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत. (दुसरे इतिहास, अध्याय 20.) "सुचत नाही" ही सुद्धा प्रार्थना होऊ शकते, हे मला त्या राजामुळे कळलं.

यातलं जे तोंडात बसेल ते एक वाक्य घ्या आणि पुटपुटत म्हणा. पुन्हा पुन्हा म्हटलं तरी चालतं. येशूने पोकळ बडबड करू नका असं सांगितलंय हे खरं, पण गेथशेमाने बागेत त्याने स्वतः तेच शब्द बोलून तीनदा प्रार्थना केली होती. ऑर्थोडॉक्स परंपरेतले लोक तर शतकानुशतकं "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर" एवढंच वाक्य श्वासाच्या लयीत म्हणत आले आहेत. मंत्र म्हटला की काम फत्ते, असा हिशेब मात्र मनात धरू नका. ती हाक आहे. हाक कुणाला तरी मारायची असते.

माझी आई अतिदक्षता विभागात होती तेव्हा मी बाहेरच्या खुर्चीवर बसून रात्र काढली. मला बरीच स्तोत्रं पाठ होती, त्या रात्री एकही आठवलं नाही. हातात नातेवाइकांचा प्लास्टिकचा पास होता. त्याचा एक कोपरा मी अंगठ्याने इतका घासला की सकाळी तिथली छपाई गेली होती. त्या सबंध रात्रीत मी देवाला जे म्हणालो ते म्हणजे, "प्रभू, बघ." आठवतंय तेवढं हेच.

जागा, आसन आणि "तू" की "आपण"

यावर फार वेळ घालवू नका. गुडघे टेकले तर उत्तम, नाही टेकले तरी चालतं. येशू बागेत जमिनीवर पालथा पडला होता, जकातदार उभा होता, योना माशाच्या पोटात होता. नहेम्या राजाला द्राक्षारस देण्याच्या कामावर होता. राजाने त्याला प्रश्न विचारला आणि उत्तर द्यायच्या आधी, तेवढ्या क्षणात, त्याने मनातल्या मनात प्रार्थना केली. लिफ्टमध्ये, गाडीत, बाथरूमचं दार लावून, कुठेही चालेल.

नवख्यांना एक गोष्ट अडते ती म्हणजे देवाला काय म्हणायचं. आपल्या भाषेत वडीलधाऱ्यांना "तुम्ही" म्हणायची सवय, मग देवाला एकेरीत कसं हाक मारायचं? पण मराठीत देवाला आणि आईला "तू"च म्हणतात, आणि प्रार्थनेतही तेच रूढ आहे. "हे देवबापा, तू..." अशी सुरुवात करा. येशूला "प्रभूजी, आपण" म्हणावंसं वाटलं तर तसं म्हणा. शुभवर्तमानातली माणसं मराठीत तशीच बोलतात. यात चूक होत नाही.

दुसरी पायरी : जे आहे ते सांगा

खरी अडचण इथे येते. एक वाक्य म्हणून झालं, थोडा श्वास आला, आता पुढे बोलायचंय. आणि अचानक आपण एखाद्या समारंभात भाषण करत असल्यासारखे बोलू लागतो. "हे सर्वसमर्थ, कृपाळू परमेश्वरा, आम्हा सर्वांवर तुझी कृपादृष्टी असू दे आणि सर्वांचं मंगल होऊ दे." वाक्यात दोष काही नाही. पण तुमची भीती त्यात कुठे आहे?

हेच पुन्हा म्हणून बघा : "प्रभू, उद्या अकरा वाजता बायोप्सीचा रिपोर्ट येणार आहे. मला फार भीती वाटते आहे. मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांशी हसून बोलतोय आणि दमलोय. गाठ साधी निघू दे. आणि साधी नसली तर उद्या अकराला मला एकट्याला सोडू नकोस." यात भारदस्त शब्द एकही नाही. वेळ आहे, गाठ आहे, लपवाछपवी आहे. देवाला हे आधीच माहीत असतं, मग सांगायचं कशाला, असा प्रश्न पडतो. आईलाही माहीतच असतं की पोराला खरचटलंय, तरी ते पोर गुडघा दाखवायला तिच्याकडेच धावतं.

राजा हिज्कीयाची एक हकिगत 'दुसरे राजे' या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात आहे. अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र त्याच्या हाती पडतं. तो ते वाचतो, मंदिरात जातो आणि ते पत्र परमेश्वरासमोर पसरून ठेवतो. मग बोलू लागतो. ही युक्ती आजही कामाला येते. शब्द सुचत नसतील तर ज्या कागदामुळे झोप उडाली आहे तो कागद समोर ठेवा. बँकेची नोटीस असेल, रिपोर्ट असेल, कुणाचं पत्र असेल. मोबाइलवरचा मेसेज असेल तर तो उघडून ठेवा. आणि म्हणा, "हे वाच."

राग आला असेल तर? तोही सांगा. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. स्तुतीचं पुस्तक म्हणून आपण ज्याच्याकडे बघतो त्यात इतकं रडणं, भांडणं, तक्रार भरलेली आहे. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. एकोणसत्तरावं स्तोत्र सुरूच होतं ते पाणी गळ्याशी आलंय या आकांताने. अठ्ठ्याऐंशीव्याचा तर शेवटही अंधारात होतो. बाकीच्या बहुतेक विलापगीतांत शेवटी कुठेतरी आशेची एखादी ओळ येते, इथे तीही नाही. ज्यांनी ही स्तोत्रं जपली त्यांनी ते तसंच ठेवलं, गोड शेवट चिकटवला नाही. आणि वधस्तंभावर येशूने "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असं विचारलं, ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे. त्याला स्वतःला त्या घटकेला उसने शब्द लागले, तर आपल्याला लागले यात नवल नाही.

म्हणून माझा सल्ला असा : पहिले काही दिवस प्रार्थनेत सुंदर बोलायचंच नाही असं ठरवा.

शब्द अजिबातच फुटत नसतील तर हन्नाची आठवण ठेवा. मूल होत नाही म्हणून ती मंदिरात रडत होती. तिचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. एली याजकाला वाटलं ही प्यायलेली आहे. याजकाला समजलं नाही, देवाला समजलं. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्माच शब्दांत न मांडता येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. कण्हणं म्हणजे प्रार्थनेतली पडती जागा, असं समजायचं कारण नाही.

तिसरी पायरी : नम्र व्हा, पण स्वतःला तुडवू नका

नम्रतेबद्दल नव्या लोकांचा हमखास घोटाळा होतो, आणि जुन्यांचाही. लूकच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, दोन माणसं मंदिरात येतात. परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, देवासमोर हिशेब मांडतो : आठवड्यातून दोनदा उपास करतो, मिळकतीचा दशांश देतो, त्या जकातदारासारखा मी नाही. हे सगळं कदाचित खरंही असेल. पण नीट ऐकलं तर त्याने मागितलं काहीच नाही. जकातदाराकडे हिशेब नाही, त्याला दया हवी आहे. येशू सांगतो की नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

म्हणजे देवासमोर जाताना "मी इतकी वर्षं कुणाचं वाईट केलं नाही, मग माझ्याच वाट्याला हे का?" असा प्रश्न तक्रार म्हणून जरूर विचारा, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाने विचारलाच होता. पण तो बिल म्हणून पुढे करू नका.

आपल्या हातून काही चुकलं असेल आणि ते टोचत असेल तर ते या टप्प्यावर कबूल करा. नेमकं आणि थोडक्यात. "मी फार पापी आहे" हे म्हणायला सोपं असतं, कारण त्यात काहीच उघड होत नाही. "मी भावाशी खोटं बोललो आणि ते पैसे परत केले नाहीत" हे जड जातं. जड जातं तेच म्हणा. आणि पैसे परत करणं शक्य असेल तर परत करा.

आता त्याची दुसरी बाजू. संकट आलं की "ही मला माझ्या पापांची शिक्षा आहे" हा विचार चिकटून बसतो, आणि तो चिकटवायला मदत करणारी माणसंही भेटतात. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बघून शिष्य नेमकं हेच विचारतात : पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. ईयोबाचे मित्रही असेच. ते आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते जगातले उत्तम मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं.

सौदा करण्याचा मोह

"हे एवढं झालं ना, तर मी आयुष्यभर..." हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी येतं. माझ्याही आलं. आई बरी झाली तर रोज पहाटे पाचला उठून प्रार्थना करीन, असं मी कबूल केलं होतं. अकरा दिवस उठलो. बाराव्या दिवशी गजर बंद केला, आणि पुढचे कित्येक महिने देवासमोर जायचीच लाज वाटली. थकलेल्या माणसाने रात्री तीन वाजता केलेल्या करारापायी माझी साधी रोजची प्रार्थनाही बंद पडली.

बायबलमध्ये नवस आहेत. हन्नाने केला होता आणि पाळलाही. पण शास्ते या पुस्तकातल्या इफ्ताहाचा नवस वाचा म्हणजे उतावळेपणाने दिलेला शब्द कुठवर नेतो ते दिसेल. उपदेशकाच्या पुस्तकातला सल्ला रोकडा आहे : नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेला बरा. देवाला लाच लागत नाही. काही द्यावंसं वाटलं तर संकट टळल्यावर, शांत डोक्याने, उपकारस्तुती म्हणून द्या. दहा कुष्ठरोगी बरे झाले तेव्हा आभार मानायला एकच परतला होता, तेव्हा त्या बाजूला गर्दी फार नाही.

चौथी पायरी : हवं ते मागा, मग हात मोकळा करा

बार्तीमय समोर आल्यावर येशू त्याला विचारतो, "मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?" आंधळ्याला हा प्रश्न! पण तो विचारतो, आणि बार्तीमय सरळ सांगतो की मला दिसू दे. तेव्हा मोघम मागू नका. "सगळं चांगलं होऊ दे" यापेक्षा "ही मुलाखत नीट जाऊ दे", "आज रात्री तिला झोप लागू दे". छोटं मागायला लाजू नका.

मागताच येत नसेल, म्हणजे काय मागावं हेच कळत नसेल, तर मार्था आणि मरीयेने पाठवलेला निरोप बघा. भाऊ लाजर आजारी पडला तेव्हा त्यांनी येशूला एवढंच कळवलं की ज्याच्यावर आपलं प्रेम आहे तो आजारी आहे. या, बरं करा, लवकर करा, असं काहीही त्यात नाही. फक्त परिस्थिती सांगितली आणि त्याचं प्रेम आठवून दिलं.

मागून झालं की मग गेथशेमानेतलं दुसरं वाक्य. येशूने आधी म्हटलं, हा प्याला (म्हणजे पुढ्यात आलेलं मरण) माझ्यापासून दूर कर. आणि त्यानंतर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. पुष्कळ भाविक माणसं पहिलं वाक्य गाळून थेट दुसऱ्यावर जातात. त्याला नम्रता म्हणतात, पण बऱ्याचदा ती आशा धरायची भीती असते. मागितलंच नाही तर नकाराचा प्रश्न येत नाही. येशूने पहिलं वाक्य गाळलं नाही. इब्रीकरांस पत्र तर सांगतं की त्याने मोठा आक्रोश करत आणि अश्रू गाळत विनवणी केली.

दुसरं वाक्य मनापासून निघत नसेल तर खोटं म्हणू नका. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो असं म्हणायची माझी आज तयारी नाही, ती तू करून घे" असं म्हटलं तरी पुरे.

पाचवी पायरी : माणसांना कळवा

एकट्याने सगळं पेलण्यात काही आध्यात्मिक मोठेपणा नाही. पक्षाघात झालेला माणूस येशूपर्यंत स्वतःच्या पायांनी पोचला नव्हता. चौघांनी त्याला खाटेसकट उचललं, गर्दीमुळे दारातून जाता येईना तर छप्पर उसकटून खाली सोडलं. आणि मार्क लिहितो की येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला. त्या आजाऱ्याने स्वतः काही म्हटल्याची नोंदच नाही.

याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वडीलधाऱ्यांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं स्पष्ट सांगितलं आहे. तुमच्या जवळच्या मंडळीच्या पाळकांना किंवा फादरना फोन करा. तुम्ही सभासद नसलात, वर्षानुवर्षं गेला नसलात, तरी करा. फोनवर रडू येईल अशी भीती वाटत असेल तर दोन ओळींचा मेसेज पुरतो : "मी अमुक. माझ्या वडिलांचं उद्या ऑपरेशन आहे. प्रार्थना कराल का?" सगळी कहाणी सांगायची गरज नसते. प्रार्थनेच्या विनंतीत लोकांपुढे जाऊ नये असं काही असेल तर "हे तुमच्यापाशीच ठेवा" एवढं आधी सांगून ठेवा, कारण चांगल्या मनाची माणसंही प्रार्थनेच्या निमित्ताने बातमी पसरवतात.

सावध कुणापासून राहायचं, तेही सांगतो. प्रार्थनेसाठी पैसे मागणारा, औषध बंद करा म्हणणारा आणि "तुमचा विश्वास कमी पडला म्हणून झालं नाही" असं दुखऱ्या जागी बोट ठेवणारा, या तिघांपासून. पहिल्याचं उत्तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8 मध्ये आहे : शिमोन नावाचा जादूगार पवित्र आत्मा देण्याचा अधिकार पैशाने विकत घ्यायला येतो आणि पेत्र त्याला त्याच्या पैशासकट झिडकारतो. दुसऱ्याचं उत्तर पुन्हा हिज्कीयाकडे. तो मरणाला टेकला होता, भिंतीकडे तोंड करून रडला, देवाने त्याचं आयुष्य 15 वर्षांनी वाढवलं. आणि त्याच प्रकरणात यशया संदेष्टा सांगतो, अंजिराचा लेप आणा आणि गळवावर बांधा. देवाने बरं करायचं ठरवलेलं होतं, तरीही लेप लावला. गोळ्या वेळेवर घ्या.

एलीया संदेष्ट्याचीही गोष्ट इथेच. कर्मेल डोंगरावरच्या मोठ्या विजयानंतर तो जीव घेऊन पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि आता पुरे, माझा प्राण घे, असं म्हणून झोपी गेला. देवदूत आला आणि त्याने प्रवचन दिलं नाही. ऊठ, खा, म्हणाला. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खाऊन पुन्हा झोपला. देवदूताने त्याला दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावलं. देवाचं बोलणं त्यानंतर, 40 दिवसांनी. तुम्ही दोन दिवस नीट जेवला नसाल तर हा लेख बाजूला ठेवून आधी जेवा. आणि एलीयासारखाच मरणाचा विचार तुमच्या मनात येत असेल तर प्रार्थना करालच, पण आज रात्रीच जवळच्या एका माणसाला तोंडाने सांगा, आणि डॉक्टरांनाही सांगा. सकाळची वाट पाहू नका.

उत्तर येत नाही तेव्हा

याबद्दल मला सोपं काही सांगता येणार नाही. लाजर आजारी असल्याचं कळूनही येशू दोन दिवस होता तिथेच राहिला. तो पोचला तेव्हा लाजराला कबरेत चार दिवस झाले होते, आणि दोघी बहिणींनी, वेगवेगळ्या वेळी, एकच वाक्य त्याला ऐकवलं : आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. येशूने त्यांना यासाठी दटावलं नाही. तो रडला. पुढे लाजर जिवंत झाला, पण रडणं त्याआधीचं आहे.

पौलाला कसला तरी काटा सलत होता. कसला ते तो सांगत नाही. त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. मिळालं ते उत्तर : "माझी कृपा तुला पुरे आहे." काहींना हे वाक्य ऐकून धीर येतो, काहींना सुरुवातीला राग येतो. दोन्ही प्रामाणिक आहे.

माझी आई बरी झाली. पण त्याच मजल्यावर, माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक काका बसायचे. ते माझ्याहून कितीतरी जास्त प्रार्थना करायचे, मला पाणी आणून द्यायचे, माझ्या आईचं नाव विचारून तिच्यासाठीही मागायचे. त्यांचा मुलगा गेला. आमच्या दोघांच्या प्रार्थनेत काय फरक होता, हे कुणी मला समजावून सांगू लागलं की मी उठून जातो.

अशा काळात करण्यासारखं एवढंच आहे की हाक बंद करायची नाही, पण तिचा आकार लहान ठेवायचा. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा त्या बेपर्वा न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जात राहते. देव काही तसा नाही, असंच येशू तिथे सांगतो, पण ते जात राहणं त्याला आवडलेलं दिसतं. दिवसातली एक ठरलेली पाच मिनिटं घ्या, जास्त नकोत. प्रभू येशूने शिकवलेली प्रार्थना ("हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही) एकदा सावकाश म्हणा. त्यातलं "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" हे वाक्य आजपुरतंच मागतं, संकटात तेवढंच झेपतं. कॅथलिक परंपरेत नोव्हेना, म्हणजे सलग नऊ दिवसांची प्रार्थना, किंवा जपमाळ असते. स्वतःचे शब्द आटतात तेव्हा आधीच घडलेल्या शब्दांना धरून चालता येतं. एक साधी वही ठेवा. तारीख आणि मागणं, एकेक ओळ. उत्तराचा रकाना आखू नका, तो रिकामा दिसला की त्रास होतो. फक्त तारीख आणि ओळ.

आणि झोपण्यापूर्वी स्तोत्र 130 वाचा. आठच वचनं आहेत, दोन मिनिटं लागतात. खोल जागेतून मारलेल्या हाकेने ते सुरू होतं. मधे एका ठिकाणी पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी येतात, आणि कवी ती ओळ लगेच दुसऱ्यांदा म्हणतो, तीच्या तीच. पहारेकऱ्याला पहाट लवकर आणता येत नाही. तो जागा असतो. दुसऱ्यांदा येणारी ती ओळ जरा हळू वाचा.